वाहनाचा नियम

श्रावकाच्या आचारात रोज धारण करावयाचे चौदा नियम सांगितले आहेत. आज किती द्रव्ये खायची, किती वस्त्रे वापरायची, कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा सकाळी मनाशी बांधायची आणि सूर्यास्तानंतर तिचा हिशेब घ्यायचा. या चौदांत एक नियम वाहनाचा आहे. ज्या काळी वाहन म्हणजे बैलगाडी, घोडा किंवा नाव एवढेच होते, त्या काळी हा नियम घालून दिला गेला. आजचे वाहन मात्र दाराशी उभे असतानाही मालकाला फिरवत असते. शहापूरच्या बाजारपेठेतील एका धान्य-किराण्याच्या पेढीला हे कळायला बावीस महिने लागले आणि त्याची नोंद तिच्या वहीत रुपये-पैशांत झाली आहे.

पेढी तीन पिढ्यांची. थोरले बंधू शहापूरचे दुकान आणि भाताची खरेदी पाहतात. धाकटे मुरबाडला लोखंड-पत्र्याचे दुकान चालवतात. दोन्ही घरांचे चूल वेगळे, पण भांडवल एक आणि बा एकच. शहापूर ते मुरबाड हा शेणवे, किन्हवली, सरळगाव असा रस्ता दोन्ही घरांच्या पायाखालचा. या वाटेवरचे शेतकरी आपले भात याच पेढीवर घालतात. काही रक्कम रोख नेतात, काही खात्यावर ठेवतात आणि ज्येष्ठात पेरणीला, आवणीला लागेल तशी उचलतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही पेढी म्हणजे बँकच. फक्त पासबुकाच्या जागी शेठच्या शब्दावर चालणारी.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर धाकट्यांच्या मुलाचे लग्न मुंबईत ठरले. व्याही सधन होते. साखरपुड्याच्या दिवशी त्यांच्या इमारतीखाली उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेत या घराची जुनी, दोन ठिकाणी चेपलेली गाडी उभी राहिली. कोणी काही बोलले नाही. पण परतीच्या वाटेवर धाकटे गप्प होते आणि त्या मौनातूनच पुढच्या व्यवहाराला सुरुवात झाली.

धनत्रयोदशीला गाडी दारात आली. युरोपीय बनावटीची, डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी, हवेच्या फुग्यांवर तरंगणारी भव्य एसयूव्ही. २०१४ सालचे मॉडेल. नवी असताना तिची किंमत सत्तर लाखांच्या वर होती. पेढीला ती १९ लाख ५० हजारांत मिळाली. बाजारात भाव पाडून घेणे ही ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या, त्यांना हा सौदा पाहून आनंद झाला नसता तरच नवल. सत्तराचा माल वीस-एकोणिसात! थोरल्यांनीही मान डोलावली. बांनी गाडीला कुंकू लावले आणि एवढेच विचारले, “एवढी स्वस्त का देतात?”

त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा कोणी शोधले नाही. ते असे होते. गाडीची नोंदणी दिल्लीची. दहा वर्षांवरील डिझेल गाड्या राजधानी परिसरात चालवू नयेत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये तो कायम ठेवला. पुढे २०२५ मध्ये न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीला आवर घातला. पण मधल्या काळात आठ-नऊ वर्षांच्या झालेल्या महागड्या डिझेल गाड्या दिल्लीकरांनी मिळेल त्या भावाने परराज्यांत विकल्या. म्हणजे स्वस्ताईला कारण होते. परराज्यातील गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची तर तिची नव्याने नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, नमुना २८, आणावे लागते. गाडीच्या वयानुसार कमी होणारा पण मुळीच किरकोळ नसलेला एकरकमी करही येथे भरावा लागतो. कर, कागदपत्रे आणि मध्यस्थ मिळून १ लाख ८५ हजार गेले. सौद्याचा पहिला टवका तेथेच उडाला.

सहा महिने गाडीने खरोखर सुख दिले. कसाऱ्याचा घाट ती अशी चढे, की मागच्या आसनावर बांच्या हातातील जपमाळेचा मणीही हलत नसे. थोरल्यांना पुढच्या आसनावर बसायला आवडू लागले. हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केले आणि ते महत्त्वाचे आहे, कारण दोष एकाच्या माथी मारून मोकळे होण्याचा सोपा मार्ग त्यामुळे बंद झाला.

पहिले बिल टायरांचे निघाले. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो वाचला असता, तर खरेदीच्या दिवशीच कळले असते की टायर सात वर्षांचे आहेत. नक्षी शिल्लक होती, पण रबराला बारीक भेगा गेल्या होत्या. चार टायरांना ९२ हजार. पाठोपाठ ब्रेकच्या तबकड्या आणि पॅड यांचे ७६ हजार. अडीच टनांच्या आसपासचे धूड थांबवणारे ब्रेक लहान गाडीच्या भावात कसे मिळणार? मग एका सकाळी गाडी सुरू होईना. बॅटरी गेली होती. मुरबाडच्या मिस्त्रीने नवी बॅटरी बसवायला घेतली, तेव्हा कळले की या जातीच्या गाडीत बॅटरीही वेगळ्या प्रकारची लागते आणि बदलल्यावर संगणक जोडून गाडीला तसे कळवावेही लागते. नाहीतर जुन्याच बॅटरीच्या हिशेबाने ती नवीला चार्ज करत राहते. ३४ हजार.

२०२३ च्या पावसाळ्यात छताची काच गळू लागली. अशा मोठ्या काचेच्या छताला चारही कोपऱ्यांत पाणी वाहून जाण्यासाठी बारीक नळ्या असतात. गाडी वडाखाली उभी राहत असे. पाने आणि माती अडकून नळ्या तुंबल्या आणि पाणी आतल्या अस्तरातून झिरपत गालिच्याखाली साचले. त्याच गालिच्याखाली एक नियंत्रण-पेटी होती. ती भिजली. वर्षातून दोनदा नळ्या साफ करून घेतल्या असत्या, तर खर्च शंभर-दोनशे रुपयांचा होता. पेटीला ६९ हजार लागले.

त्याच हिवाळ्यात उंदरांचे प्रकरण झाले. भाताचे गोदाम आणि त्याला लागून उभी असलेली गाडी. थंडीच्या रात्री इंजिनाची ऊब उंदरांना आयतीच मिळाली. त्यांनी वायरींचा एक अख्खा जुडगा कुरतडला. फलकावर एकाच वेळी सात इशारे पेटले. गॅरेजमधला मुलगा म्हणाला, “शेठ, गोळ्या टाका, चार दिवसांत सगळे साफ.” घरात ते शक्य नव्हते. धान्याच्या पेढीने पिढ्यान्‌पिढ्या उंदीर पिंजऱ्यात धरून रानात सोडले होते. एका गाडीसाठी विष घालायचे, हे बांना ऐकवेना. शेवटी गाडी गोदामापासून दूर सिमेंटच्या ओट्यावर हलवली, रात्री बॉनेट उघडे ठेवून आत दिवा लावायला सुरुवात केली आणि तळाला जाळी बसवली. उपाय लागू पडला, पण वायरिंगचे ४७ हजार त्याआधीच गेले होते. परिग्रह वाढला की हिंसेचा प्रसंगही वाढतो, हे व्याख्यानात पुष्कळ वेळा ऐकले होते. ते इंजिनाच्या खोलीत दिसेल, असे मात्र वाटले नव्हते.

मग धुराची गाळणी तुंबली. अशा डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. इंजिन बराच वेळ मोकळ्या रस्त्यावर एका गतीने चालले, की तिच्यातील काजळी आपोआप जळून जाते. पण घर ते दुकान, दुकान ते बाजार, बाजार ते देरासर, अशा दोन-दोन किलोमीटरांच्या फेऱ्यांत ती जळण्याइतकी तापतच नाही. आठवड्यातून एकदा नाशिकच्या रस्त्याला अर्धा तास गाडी पळवायला हवी, असे मिस्त्रीने सांगितले. म्हणजे गाडी नीट राहावी म्हणून काम नसताना डिझेल जाळायचे! गाळणीच्या सफाईला ३९ हजार झाले. गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही, असे विकणाऱ्याने सांगितले होते. प्रत्यक्षात एक लाख किलोमीटरच्या आसपास ते बदललेलेच बरे असते. झटके बसू लागल्यावर तेल आणि फिल्टर यांना ५८ हजार लागले.

पण खरा घाव हवेच्या फुग्यांचा. साध्या गाडीला पोलादी स्प्रिंग असते. या गाडीला रबरी फुगे असतात आणि एक लहानसा कम्प्रेसर त्यांत हवा भरून गाडी उचलून धरतो. आठ-दहा वर्षांत रबर वाळते, घडीच्या जागी चिरते. रात्रभरात हवा गळून जाते आणि सकाळी गाडी एका कोपऱ्याने बसलेली दिसते. गळती भरून काढण्यासाठी कम्प्रेसर सतत चालत राहतो आणि शेवटी तोही जळतो. २०२४ च्या वैशाखात पुढचे दोन्ही फुगे बदलले. १ लाख ७४ हजार. कम्प्रेसरही आताच बदला, असे मिस्त्रीने बजावले होते. त्याचे आणखी ८० हजार ऐकून थोरल्यांनी तो दिवाळीवर ढकलला.

वैशाखाचे ते पावणेदोन लाख पेढीच्या खेळत्या भांडवलातून गेले. पाठोपाठ ज्येष्ठ आला आणि किन्हवली-सरळगावच्या दरम्यान पाड्यावर राहणारा एक शेतकरी आपले खात्यावरचे ४१ हजार रुपये मागायला आला. त्या आठवड्यात गल्ल्यात तेवढे नव्हते. “पोळा होऊ दे, भाऊ,” असे थोरल्यांनी सांगितले. तो “बरं शेठ,” म्हणून गेला. खते त्याने कोठून तरी उधार आणली असतील. वहीत एका ओळीची नोंद झाली आणि विषय मागे पडला.

त्या वर्षी बांचे वर्षीतप चालू होते. एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी बियासणे; तेरा महिन्यांहून अधिक काळ चालणारे हे तप बांनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी हाती घेतले होते. श्रावणात मुरबाडला नातीला मूल झाले. बियासण्याचा दिवस पाहून थोरले बांना घेऊन तेथे गेले. दुपारचे पहिले भोजन मुरबाडला झाले. दुसरे सूर्यास्तापूर्वी शहापूरला, असा बेत होता. तासाभराचा तर रस्ता!

सरळगाव सोडले आणि पाऊस कोसळू लागला. रस्त्याला खड्डे होते. पावणेसहाच्या सुमारास फलकावर लाल अक्षरे उमटली, गाडीच्या पुढच्या अंगातून घुर्र असा आवाज आला आणि ते भव्य वाहन बसणाऱ्या उंटासारखे हळूहळू जमिनीला टेकत गेले. चाक वरच्या पत्र्याला घासू लागले. पुढे नेणे अशक्य. दोर बांधून ओढून नेण्याचीही सोय नाही. चारही चाकांना जोर असलेली अशी गाडी चाके जमिनीवर ठेवून ओढली, तर आतली यंत्रणा बिघडते. ती ट्रकच्या पाठीवर चढवूनच न्यावी लागते. फोन केला तेव्हा कल्याणहून तशी गाडी यायला चार तास लागतील, असे उत्तर आले.

सूर्यास्ताला सव्वा तास उरला होता. बियासण्याचे दुसरे भोजन चुकले तर दुसऱ्या दिवशी उपवास. म्हणजे दुपारी उठलेल्या बांना थेट परवाच्या सकाळीच अन्न मिळणार. बा शांत होत्या. “नाही झालं तर नाही,” एवढेच म्हणाल्या. पण आईच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहताना थोरल्यांचा जीव खाली-वर होत होता.

तेवढ्यात डोक्यावर इरले घेतलेला एक माणूस बांधावरून उतरून आला. “शेठ, गाडी बसली का?” तो तोच होता, ४१ हजारांचा धनी. त्याने बांना हाताला धरून चिखलातून आपल्या ओसरीवर नेले. त्याच्या बायकोला जैनांच्या घरची रीत ठाऊक होती. आणीच्या दिवसांत ती शहापूरला याच पेढीच्या अंगणात भात वाळवायला येत असे. “बा, आमच्यात कांदा-लसूण चालतं. पर निराळं भांडं हाय माझ्याकडं, घासून घेते. तांदूळ टाकते. दूध आत्ताच काढलंय. पाणी गाळून उकळते, तुमचं गाळणं द्या.” तिने चुलीवर पाणी उकळले, नव्याने भात शिजवला, दूध तापवले. सूर्यास्ताला वीस मिनिटे असताना बा पाटावर बसल्या. भात, दूध, चिमूटभर साखर. जेवून, उकळलेले पाणी पिऊन त्यांनी हात जोडले आणि चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. बाहेर पाऊस पडतच होता.

पैशांचा विषय त्या घरात कोणी काढला नाही. थोरल्यांनी निघताना खिशात हात घातला, तेव्हा तो शेतकरी म्हणाला, “जेवणाचं पैसं घेत्यात व्हय, शेठ?” त्याच्या पुतण्याच्या दुधाच्या टेम्पोत पुढच्या आसनावर बसून बा शहापूरला निघाल्या. वाटेत त्यांनी विचारले, “याचं खातं आपल्याकडे कितीचं आहे?” थोरल्यांनी आकडा सांगितला. “केव्हापासून?” “ज्येष्ठापासून.” “का?” यावर उत्तर आले नाही. शेणव्यापर्यंत कोणीच बोलले नाही. मग बा म्हणाल्या, “त्याने माझं व्रत राखलं. आपल्याला त्याला दिलेला शब्द राखता आला नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधी थोरले स्वतः पाड्यावर गेले आणि ४१ हजार रुपये देऊन आले. सोबत क्षमाही मागितली. पर्युषण अजून यायचे होते. पण मिच्छा मि दुक्कडं म्हणायला संवत्सरीची वाट पाहण्याचे कारण नसते.

आपल्याकडे मम्मण शेठची कथा प्रसिद्ध आहे. पावसाळी रात्री पूर आलेल्या नदीत उतरून लाकडे ओढणारा एक माणूस श्रेणिक राजाला दिसला. त्याची दया येऊन राजाने विचारले, तेव्हा तो म्हणाला, एका बैलाची जोडी पुरी करायची आहे. राजाने पाहिले तर बैल सोन्याचा आणि रत्नांचा. ही कथा बहुतेक वेळा कंजूषपणाची म्हणून सांगितली जाते. पण तिचा दुसराही एक अर्थ आहे: जे वाहन ओढायला हवे, त्यालाच माणूस पुरात उतरून ओढत असतो. या पेढीने कंजूषी केली नव्हती, उलट खर्चच केला होता. तरी अवस्था तीच झाली. पाचव्या अणुव्रताने परिग्रहाला मर्यादा घालायला सांगितले आहे आणि तिसऱ्याने न दिलेले घेऊ नये असे बजावले आहे. दुसऱ्याचे देणे आपल्या हौसेसाठी अडवून ठेवले, की पाचवे मोडताना तिसरेही मोडते.

कम्प्रेसर बसवून गाडी दुरुस्त झाली, ८१ हजार. मुनीमजींनी वेगळे पान काढून सगळे मांडले. टायर ९२, ब्रेक ७६, बॅटरी ३४, पेटी ६९, वायरिंग ४७, गाळणी ३९, गिअरबॉक्स ५८, फुगे १७४, कम्प्रेसर ८१, तीन नियमित सर्व्हिसिंग ११२, दोन वर्षांचा विमा १४८, सर्व हजारांत. बेरीज ९ लाख ३० हजार. २०२५ च्या आरंभी गाडी ९ लाख २५ हजारांना विकली गेली. खरेदी आणि नोंदणीचा खर्च धरून विक्रीची रक्कम वजा केली, तर निव्वळ २१ लाख ४० हजार गेले. गाडी चालली १७ हजार किलोमीटर. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे १२६ रुपये, डिझेल वेगळे. मुनीमजींनी चष्मा काढून ठेवला आणि हळूच म्हणाले, “शेठ, गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही.” सत्तर लाखांची गाडी वीस लाखांना मिळते, पण ती पोसावी लागते सत्तर लाखांचीच म्हणून. सौदा करताना व्यापाऱ्याची बुद्धी नेमकी येथेच चुकली होती.

कराच्या बाजूनेही समाधान मिळाले नाही. गाडी पेढीच्या नावावर घेतली म्हणून आयकरात दरसाल १५ टक्के घसारा मिळाला. पण तेरा किंवा त्याहून कमी आसनांच्या प्रवासी गाडीवर, तसेच तिच्या विम्यावर आणि दुरुस्तीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट अशा पेढीला मिळत नाही. सुट्या भागांपैकी बहुतेकांवर तेव्हा २८ टक्के कर होता. सप्टेंबर २०२५ पासून तो १८ वर आला. घसारा घेतलेली गाडी विकताना विक्रीची किंमत घसारा वजा जाता उरलेल्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर त्या फरकावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. मोठ्या डिझेल गाड्यांना हा दर आधीपासून होता. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने लहान आणि विजेवरच्या जुन्या गाड्यांनाही तोच लावायचे ठरवले. फरक उणे असेल तर कर नाही. या पेढीचा फरक उणेच होता. तेवढेच एक बिल वाचले.

अशी गाडी कोणीच घेऊ नये, असा याचा अर्थ नाही. ज्याचा रोजचा प्रवास लांब पल्ल्याचा आहे, ज्याच्या गावाजवळ जाणता मिस्त्री आहे आणि ज्याने खरेदीच्या किमतीचा निदान एक तृतीयांश भाग दुरुस्तीसाठी आधीच बाजूला काढला आहे, त्याला ती सुखही देईल. पण घेण्यापूर्वी ती एक रात्र उभी ठेवून सकाळी चारही कोपरे समान आहेत का, ते पाहावे. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावावे. स्कॅनर जोडून प्रत्येक यंत्रणेतील नोंदी वाचून घ्याव्यात. चासी क्रमांकावरून कंपनीच्या कार्यशाळेतील इतिहास काढावा. गालिचा उचलून ओल तपासावी. गाडीवर कर्ज असेल, तर ते फिटल्याचा नमुना ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विम्याचीही नीट चौकशी करावी. पाण्यातून जाताना इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. आणि शहापूर-मुरबाडकडे पावसाळ्यात मोऱ्यांवरून पाणी जाणे ही नित्याची गोष्ट आहे. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर विमा कंपनी निम्मा घसारा कापते, आणि जुन्या गाडीत जाते तेही बहुतेक रबर-प्लॅस्टिकच. या सगळ्याच्या आधी मात्र बांचा प्रश्न विचारावा: एवढी स्वस्त का देतात?

धाकट्यांना काही दिवस अपराधी वाटत राहिले. एकदा त्यांनी वडीलभावापुढे तसे बोलूनही दाखवले. थोरले म्हणाले, “पुढच्या सीटवर मी बसत होतो.” यापलीकडे दोघांत कधी काही बोलणे झाले नाही आणि भांडवलही एकच राहिले. मुंबईचे व्याही आता त्यांच्या साध्या, सात आसनांच्या गाडीतून आनंदाने येतात. त्या गाडीचा कोणताही भाग शहापूरच्या बाजारात दुपारपर्यंत मिळतो. गाड्यांच्या रांगेतले ते मौन व्याह्यांच्या कदाचित ध्यानातही आले नव्हते.

३० एप्रिल २०२५ रोजी अक्षय तृतीयेला बांचे वर्षीतप उसाच्या रसाने पूर्ण झाले. आदल्या दिवशी आसनगावजवळच्या मानस मंदिरात दर्शन झाले होते. पारण्याला पाड्यावरचे ते जोडपेही आले होते. बांनी मुद्दाम टेम्पो पाठवून त्यांना बोलावले होते. रसाचा पहिला घोट घरच्यांच्या हातून झाला, दुसरा बांनी त्या माउलीच्या हातून घेतला.

त्या दिवसापासून दोन्ही घरांत चौदा नियम धारण करायला सुरुवात झाली आहे. वाहनाच्या नियमापाशी थोरले रोज क्षणभर थांबतात. आणि पेढीवर आणखी एक नियम लागू झाला आहे, जो त्या चौदांत नाही: ज्येष्ठ लागण्यापूर्वी शेतकऱ्यांची सगळी देणी वेगळी काढून ठेवायची आणि मगच घरातल्या कोणी काही मागायचे.